ग्राफिक्सची ताकद आणि आपली ऐपत

पोलादपूर

चि. बाळ्या,

बिरवाडीच्या एमआयडीसीत अॅप्रेंटिस म्हणून लागलास, आनंद झाला. आता हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचा, तोही सगळ्यांत ताकदवान ग्राफिक्सचा, हप्त्यांवर का होईना, असं तू लिहिलंस. खेळायला माझी ना नाही. पण पैसे मोजण्याआधी काही गोष्टी समजून घे.

आधी पडदा बघ. तुझ्या मनातला आसुसचा आरओजी अलाय २०२३ मध्ये भारतात ६९,९९० रुपयांना आला. त्याचा पडदा १९२० बाय १०८०, म्हणजे साधारण २०.७ लाख ठिपक्यांचा. व्हॉल्वच्या स्टीम डेकचा १२८० बाय ८००, म्हणजे १०.२ लाखांचा. पहिली मॉडेलं दोन्ही सात इंचीच. पूर्ण ठिपके वापरलेस तर अलायच्या चिपला प्रत्येक फ्रेममध्ये दुप्पट रंगवावं लागतं आणि वाढीव ताकद बरीचशी तिथेच खर्ची पडते. एवढ्याशा पडद्यावर डोळ्यांना तेवढा फरक जाणवत नाही.

मग वीज. दोघांच्याही पहिल्या मॉडेलची बॅटरी ४० वॅट-तासांची. चिपनं २५ वॅट ओढले, वर पडदा नि पंखा, की दीड तासाच्या आत खेळ आटोपला. आंबेनळी घाटात खालच्या गिअरमध्ये गाडी दामटली की डिझेल जातं, तसंच हे. हलक्या खेळाला चिप दहा वॅटवर बांधून ठेवलीस तर अडीच तासांच्या आसपास मिळतील. आषाढात आपल्याकडे लाइट किती वेळ जाते, ते तुला सांगायला नको.

ताकदीपेक्षा बेताची किंमत आणि टिकणारी बॅटरी लोकांना प्यारी असते, हे या धंद्यात आधीच सिद्ध झालंय. १९८९ चा निन्टेन्डोचा गेम बॉय चार हिरवट छटांचा, पण चार पेन्सिल सेलवर दहा तासांहून जास्त चाले. पुढच्या वर्षी आलेला सेगाचा गेम गिअर रंगीत आणि उजळ, पण सहा सेल तीन-पाच तासांत संपवी. गेम गिअर एक कोटीच्या आसपास थांबला. गेम बॉय, त्याची रंगीत आवृत्ती धरून, ११ कोटी ८० लाखांवर गेला. जुनं, स्वस्त, पारखलेलं तंत्रज्ञान नव्या कल्पनेनं वापरायचं, हे गेम बॉय घडवणाऱ्या गुनपेई योकोईंचं सूत्र. निन्टेन्डोच्याच २०१७ च्या स्विचमध्येही दोन वर्षं जुनीच टेग्रा चिप होती, तरी तो १५ कोटींवर विकला गेला.

पण म्हणून स्वस्त दिसेल ते उचलू नकोस. स्टीम डेक आणि स्विच कंपन्यांनी भारतात अधिकृतपणे आणलेले नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडला मिळतो तो आयात माल, त्याला इथे कंपनीची वॉरंटी नाही. बिघडला तर दुरुस्ती कोण करणार, हे आधी विचार. वापरलेला घेणार असशील तर जॉयस्टिकला हात न लावता खेळातलं पात्र आपोआप सरकतं का, चार्जिंगचा सॉकेट ढिला आहे का, पंखा घरघरतो का, हे समोर चालवून बघ. खेळांचीही किंमत धर. स्टीमच्या ऑनलाइन दुकानात रुपयांत किमती असतात, सेलमध्ये त्या बऱ्याच उतरतात, आणि तिथे लॅपटॉपसाठी घेतलेले तुझे खेळ अलाय किंवा स्टीम डेकसाठी पुन्हा विकत घ्यावे लागणार नाहीत.

तू खरोखर खेळतोस त्या पाच खेळांची यादी कर. ते ज्यावर नीट चालतील, तेवढीच ताकद तुला पुरे. सत्तर हजार म्हणजे तुझं कित्येक महिन्यांचं विद्यावेतन. त्याचे हप्ते अंगावर घेऊ नकोस. पैसे साठव, मग रोख घे. ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा