पहिली ड्युटी कुणाच्या हाताखाली?

अगं, चतुर्थीला राजुरेश्वराच्या पायऱ्यांवर तू मला गाठलंस आणि एका दमात विचारलंस, "ताई, आयसीयू घेऊ, लेबर रूम घेऊ का ओटी?" त्या गर्दीत धड बोलता आलं नाही. घरी आल्यावरही तुझा प्रश्न डोक्यातून जाईना, म्हणून आज निवांत लिहायला बसले.

तुझी घालमेल कळते मला. बीएस्सी नर्सिंगची चार वर्षं झाली, कौन्सिलचं रजिस्ट्रेशन हातात आलं, आणि आता जो तो वेगळं सांगतोय. आई म्हणते, सीएचओ म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी हो, राजूरच्या आसपास उपकेंद्र मिळालं तर डोळ्यासमोर राहशील. मैत्रिणी म्हणतात, आयसीयूच घे, परदेशात त्यालाच मागणी. बाबांच्या ओळखीचे जालन्यातले डॉक्टर म्हणतात, उद्यापासूनच ओटीला उभी राहा.

माझं ऐकशील तर विभाग जरा मागे ठेव. पहिलं वर्ष कुणाच्या हाताखाली काढणार आहेस, ते आधी बघ.

माझी नोकरीतली दुसरीच नाईट होती. सकाळी नाश्त्याआधी एका आजोबांना 20 युनिट इन्सुलिन द्यायचं होतं. ट्रेमध्ये लाल टोपणाची सिरिंज होती, तीच उचलली आणि वीसच्या रेघेपर्यंत औषध ओढलं. तेवढ्यात सीनियर सिस्टरांनी माझं मनगट धरलं. "व्हायल वाच." व्हायल 100 ची होती, म्हणजे एका मिलीत 100 युनिट. सिरिंज मात्र 40 ची. वीस समजून मी 50 युनिट देणार होते गं! आजोबा माझ्याकडे बघून हसत होते, बाही वर करून बसले होते. सिस्टर ओरडल्या नाहीत. ती सिरिंज टाकायला लावली आणि पुढचा आठवडाभर प्रत्येक डोस त्यांच्यासमोर मोठ्याने वाचून भरायला लावला. आज इतकी वर्षं झाली, व्हायल वाचल्याशिवाय माझा हात पुढे सरकत नाही.

म्हणून सांगते, जिथे नव्या पोरीला पहिल्याच रात्री एकटीवर वॉर्ड सोडतात, तिथे जाऊ नकोस, पगार दोन हजारांनी जास्त असला तरी. मुलाखतीत बेधडक विचार: नाईटला सीनियर कोण असतं? शिकवायला किती दिवस देता? व्हेंटिलेटरवरच्या एका पेशंटमागे एक सिस्टर, हे आपण कॉलेजात पाठ केलंय. तिथे प्रत्यक्षात किती पेशंट देतात तेही विचार. आणि मूळ सर्टिफिकेट कुणाच्याही ताब्यात देऊ नकोस, झेरॉक्स दे.

आता तुझ्या मनाचं. आजारी नवजात बाळांच्या एसएनसीयूतल्या पोस्टिंगवरून आलीस तेव्हा तू मला त्या 1200 ग्रॅमच्या बाळाचं सांगितलं होतंस. आईचं दूध काढून वाटी-पळीने पाजलंस, आईच्या छातीशी बाळ बांधून कांगारू केअर दिलीस. दुसऱ्या दिवशी वजन 20 ग्रॅमने वाढलं तर काय आनंद झाला होता तुला! आयसीयूबद्दल बोलताना तू परदेश आणि पगार यापलीकडे काही बोलत नाहीस. मला तर वाटतं, तुझा जीव नवजात बाळांत आहे. त्यासाठी एक वर्षाचा पोस्ट बेसिक डिप्लोमा असतो, पण तो नंतर. आधी संभाजीनगरच्या एखाद्या मोठ्या, शिकवणाऱ्या रुग्णालयात वर्षभर साध्या वॉर्डात काम कर. सलाईनचे थेंब मोजणं, श्वास मोजणं, नातेवाइकांशी बोलणं, हे सगळं तिथेच अंगात मुरतं.

आईचा सल्लाही मोडीत काढू नकोस. उपकेंद्राखाली साधारण पाच हजार लोकसंख्या असते. रात्री अवघडलेली बाई आली की डॉक्टर लांब असतो, आणि निर्णय तुलाच घ्यावा लागतो. सीएचओची नोकरी कंत्राटी आहे, हेही आईला सांग. पण दोन-तीन वर्षांनी हात बसल्यावर तू परत आलीस, तर आपल्या भागातल्या बायांना तुझ्यासारखी पोर हवीच आहे.

मुलाखतीला जाण्याआधी मला फोन कर. या आठवड्यात मला नाईट आहे, सकाळी नऊनंतर केव्हाही कर.