मोठ्या आतड्यातील जंतुपुटी : निदान, उपचार व प्रतिबंध

बीदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमेवरील तालुक्यांत शेतीच्या जोडीने मेंढपाळीचा धंदा पिढ्यान्‌पिढ्या चालत आला आहे. दख्खनी मेंढ्यांचा कळप आणि त्याच्या राखणीस असलेले कुत्रे हे दृश्य येथील माळरानावर नित्याचे होय. या उपयुक्त सोबतीतूनच काही वेळा मनुष्याच्या पोटात एक विकार शिरतो. वैद्यकात तो ‘हायडॅटिड’ या नावाने ओळखला जातो. त्याची पुटी, म्हणजे द्रवाने भरलेली पिशवी, बहुधा यकृतात अथवा फुप्फुसात होते. मोठ्या आतड्यात ती अत्यंत विरळा. विरळा असल्यामुळेच तिची शंका चटकन येत नाही, आणि शंका न घेता केलेला इलाज रुग्णाच्या जिवावर बेतू शकतो.

रोगाचे चक्र

या रोगाचा कृमी जेमतेम अर्धा सेंटिमीटर लांबीचा असून कुत्र्याच्या आतड्यात राहतो. त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून गवतावर, पाण्यात व भाजीवर पडतात. कुत्र्याच्या केसांनाही चिकटतात. चरताना ती मेंढीच्या पोटात जातात आणि तिच्या काळजात व फोपसात पुट्या धरतात. अशी मेंढी कापल्यावर टाकलेले अवयव कुत्र्याने खाल्ले की चक्र पूर्ण होते. मनुष्य या चक्रात अपघाताने सापडतो. न धुतलेल्या हातांनी अथवा दूषित अन्नपाण्यातून अंडी त्याच्या पोटात जातात. हा रोग माणसापासून माणसास होत नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आमांशाच्या रुग्णाची विष्ठा तपासून ‘अमिबाच्या सिस्ट आढळल्या’ असे कळविले जाते. त्या सूक्ष्मदर्शकातूनच दिसणाऱ्या असून त्यांचा या पुटीशी काहीही संबंध नाही.

निदान

पुटी अतिशय सावकाश वाढते. कित्येक वर्षे कोणतेही लक्षण दिसत नाही. पुढे पोटात गोळा हाताला लागणे, जडपणा, बद्धकोष्ठता किंवा दुखणे सुरू होते. यकृतातील पुटी फुटून तिचे अंश पोटात पसरल्यास मोठ्या आतड्यालगत दुसरी पुटी वाढू शकते. क्वचित पुटी आतड्यात फुटते आणि द्राक्षाच्या सालीसारखे पापुद्रे शौचावाटे पडतात. कर्करोगाची गाठ किंवा स्त्रियांमधील बीजकोशाची गाठ समजून फसगत होण्याचा संभव असतो.

प्रथम सोनोग्राफी व गरजेनुसार सी.टी. स्कॅन करतात. रक्ततपासणीची मदत होते. परंतु ती निर्दोष आली तरी रोग नाही असे म्हणता येत नाही. शंका असताना गाठीत सहज म्हणून सुई घालणे धोक्याचे आहे. आतील द्रव सांडल्यास रुग्णास तीव्र प्रतिक्रिया येऊन प्राण संकटात पडू शकतो, तसेच पोटात नव्या पुट्या उत्पन्न होऊ शकतात. म्हणून घरी मेंढरे किंवा कुत्रे असल्यास, अथवा पूर्वी असल्यास, रुग्णाने ते डॉक्टरांस आपण होऊन सांगावे.

उपचार

यकृतातील काही पुट्यांचा द्रव सोनोग्राफीच्या साहाय्याने तज्ज्ञ काढू शकतात. निष्क्रिय झालेल्या पुटीवर केवळ नजर ठेवली तरी चालते. मोठ्या आतड्याच्या पुटीस मात्र बहुधा शस्त्रक्रियाच करावी लागते. भोवती जंतुनाशक मिठाच्या तीव्र द्रावणात भिजविलेली फडकी ठेवून पुटी शक्यतो न फोडता काढतात; प्रसंगी आतड्याचा लहान भागही काढावा लागतो. शस्त्रक्रियेच्या आधी व नंतर अल्बेंडाझोल हे औषध देण्यात येते. प्रौढांस ते सामान्यतः ४०० मिलिग्रॅम, दिवसातून दोन वेळा, स्निग्ध पदार्थ असलेल्या जेवणाबरोबर देतात. त्या काळात यकृताची व रक्ताची तपासणी वेळोवेळी करावी लागते आणि गरोदर स्त्रियांच्या बाबतीत विशेष दक्षता घ्यावी लागते. २०१५ पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी शाळांतून याच औषधाची एक गोळी मुलांना देण्यात येते. ती इतर जंतांसाठी आहे. तिने ही पुटी बरी होत नाही, हे शिक्षकांनी पालकांस समजावून द्यावे.

गावाचे कर्तव्य

आइसलँड देशात हा रोग एके काळी घरोघर होता. १८६४ साली हाराल्ड क्राबे या डॅनिश संशोधकाची माहितीपुस्तिका तेथे वाटण्यात आली. पाठोपाठ कुत्र्यांवर निर्बंध आले आणि कालांतराने रोग नाहीसा झाला. आपल्याकडेही उपाय अवघड नाहीत. जत्रेत, देवकार्यात वा खाटिकाकडे मेंढरू कापल्यावर पुट्या असलेले काळीज व फोपसे कुत्र्यांपुढे टाकू नये; ते जाळावे किंवा कुत्र्यांना उकरता येणार नाही इतक्या खोल पुरावे. राखणीच्या कुत्र्यास पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वर्षातून किमान चार वेळा प्राझिक्वांटेल द्यावे व त्या दिवसांतील त्याची विष्ठा पुरून टाकावी. कुत्र्यास हात लावल्यावर मुलांनी साबणाने हात धुवावेत. कच्ची भाजी स्वच्छ धुऊन खावी. ग्रामपंचायतीने जत्रेपूर्वीच अशा अवयवांसाठी खड्डा खणून ठेवावा आणि त्यावर झाकणाची सोय करावी.