वेगळे ठेवणे की वाळीत टाकणे?



कोरोनाच्या काळात ‘क्वारंटाईन’ हा शब्द आपल्या रिसोडच्या आजीबाईंच्याही तोंडी बसला. त्यामागचा इतिहास आज थोडक्यात समजून घेऊ या.

१३७७ साली युरोपातील रगुसा (आजचे दुब्रोव्हनिक) या बंदराने नियम केला, की प्लेगच्या मुलखातून येणाऱ्याने आधी ३० दिवस शहराबाहेर राहावे. पुढे ही मुदत ४० दिवसांची झाली. इटालियन भाषेत चाळीसला ‘क्वारांता’ म्हणतात, त्यावरून हा शब्द आला. व्हेनिस शहराने १४२३ साली एका बेटावर प्लेगच्या रोग्यांची सोय केली आणि १४६८ साली दुसऱ्या बेटावर केवळ संशयित प्रवासी व जहाजे यांची. हा फरक महत्त्वाचा आहे. क्वारंटाईनमधला माणूस आजारी असतोच असे नाही. तो इतरांच्या जिवासाठी स्वतःचे दिवस देत असतो. म्हणून तो गुन्हेगार नाही; उलट गाव त्याचे ऋणी असते.

हे भान सुटले की काय होते, ते १८९७ साली पुण्याने पाहिले. प्लेगचा अधिकारी रँड याच्या हुकमाने गोरे सोजीर घरात शिरत, रोग्याला इस्पितळात आणि घरच्यांना छावणीत नेत. लोकांच्या अब्रूची पर्वा राहिली नाही. भीतीने लोक रोगी लपवू लागले. २२ जूनला रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले व त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर माळावर प्लेगच्या रोग्यांसाठी दवाखाना चालवला. सेवा करतानाच लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई वारल्या. छावणी गावाबाहेर होती, तसा दवाखानाही. फरक होता तो माणसाला वागवण्याचा.

लेवीय १३ मध्ये संशयिताला ७ दिवस वेगळे ठेवून याजकाने पुन्हा तपासावे असे सांगितले आहे. नियम कडक आहे. पण १४ व्या अध्यायात बरे झालेल्याला पाहण्यासाठी याजक स्वतः छावणीबाहेर जातो. परतीची वाट तिथे ठेवलेली आहे.

फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्याच तालुक्यात, देगावच्या निवासी शाळेच्या वसतिगृहात २२९ विद्यार्थ्यांना कोरोनाची लागण आढळली. बरीच मुले अमरावती व यवतमाळ जिल्ह्यांतली होती. घर दूर आणि शाळेचा परिसर प्रतिबंधित! अशा वेळी दाराबाहेरच्यांनी आतल्यांना तीन गोष्टी द्यायच्या असतात : वेळेवर डबा, रोजची विचारपूस आणि मुदत संपल्यावर पहिल्यासारखी जागा. तिसरी सर्वांत अवघड. अहवाल चांगला आला तरी शेजारी पाणी घेत नाही, तेव्हा ते वेगळे ठेवणे राहत नाही, वाळीत टाकणे होते.

चिंतनासाठी : कोरोनात ज्या घराला आपण टाळले, त्या घराचा उंबरा आपण पुन्हा ओलांडला का?