शर्यतीची मोटारसायकल आणि बाजारातील निलंबन

मोटारसायकलीचे चाक रस्त्याच्या उंचसखलपणाप्रमाणे वरखाली व्हावे, परंतु वरचा सांगाडा व चालक शक्य तितके स्थिर राहावेत, यासाठी जी योजना केलेली असते तिला तांत्रिक मराठीत निलंबन असे नाव आहे. कार्यालयात या शब्दाचा अर्थ निराळाच असून तो ऐकणाऱ्यास फारसा सुखावह नसतो. गॅरेजात तर सर्वत्र 'शॉकअप' हाच शब्द चालतो. निर्मात्याने बसवून दिलेले निलंबन काढून त्याजागी बाजारातील निराळे, बहुधा परदेशी बनावटीचे भाग बसवावेत की काय, हा प्रश्न अलीकडे खेड्यापाड्यांतूनही विचारला जातो. हुलसूर, भालकी, बसवकल्याण या सीमाभागातील तरुणांची पुणे व हैदराबादकडे कामासाठी जाण्याची वाट जुनी आहे. तिकडून परतताना वेगवान मोटारसायकल आणि शर्यतीची हौस या दोन्ही गोष्टी बरोबर येतात. अशा भागांची किंमत पाहता हा प्रश्न केवळ हौसेचा राहत नाही, घरच्या पैशाचाही होतो.

निलंबनाचे दोन घटक असतात. स्प्रिंग भार पेलते. अवमंदक, म्हणजे तेलाने भरलेली नळी, स्प्रिंगची उसळी आवरतो. केवळ स्प्रिंग असती तर एका खड्ड्यानंतर मोटारसायकल बराच वेळ हेलकावत राहिली असती. अवमंदकातील तेल लहान छिद्रांतून ढकलले जाते आणि हालचालीची ऊर्जा उष्णतेत रूपांतरित होते. स्वस्त बनावटीच्या फोर्कमध्ये हे काम ठरावीक आकाराच्या छिद्रांवरच सोपवलेले असते. छिद्रातून जाणाऱ्या तेलाचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वेग दुप्पट झाला की विरोध चौपट. परिणामी ब्रेक दाबल्यावर फोर्क सावकाश खाली बसतो तेव्हा त्याला पुरेसा अटकाव होत नाही, आणि तीक्ष्ण उंचवटा आला की तोच फोर्क एकाएकी ताठर होतो. महागड्या भागांत छिद्रांवर पातळ पोलादी चकत्यांची चळत बसवलेली असते. तेलाचा दाब वाढला की चकत्या वाकतात व वाट मोठी होते. बाजारातील चांगल्या भागांचे खरे मोल या चकत्यांत आहे. सोनेरी रंगात नाही.

शर्यतीच्या मार्गावर निलंबनाची परीक्षा कशी होते, हे एका हिशेबावरून ध्यानात येईल. शिक्षकांना तो वर्गातही मांडता येईल. चालकासह २२५ किलो वजनाची मोटारसायकल घ्यावी. तिच्या दोन चाकांतील अंतर १३४ सेंटिमीटर आणि गुरुत्वमध्याची उंची ६० सेंटिमीटर धरावी. ब्रेकचा जोर एकूण वजनाइतका असेल, तर २२५ गुणिले ६० भागिले १३४, म्हणजे सुमारे १०० किलो भार मागच्या चाकावरून पुढच्या चाकावर सरकतो. दोन्ही पुढच्या स्प्रिंगांचा मिळून ताठरपणा दर मिलिमीटरला १.३ किलो असेल, तर फोर्क सुमारे ७७ मिलिमीटर दबेल. चालक बसल्यामुळे तो आधीच ४० मिलिमीटर दबलेला असल्यास एकूण ११७ होतात. फोर्कची सारी हालचाल १२५ मिलिमीटर असेल, तर पुढच्या उंचवट्यासाठी अवघे ८ मिलिमीटर उरले. नळीतील हवेचा आधार आणि फोर्कचा कल येथे हिशेबात घेतलेले नाहीत, तरी मुद्दा कळण्यास एवढे पुरे. साध्या रस्त्यावर इतक्या जोराने ब्रेक क्वचितच लागतो. शर्यतीत तो फेरीगणिक अनेकदा लागतो.

निर्मात्याचा यात दोष आहे असे नव्हे. त्याला एकच मोटारसायकल ५५ किलोच्या विद्यार्थ्याला आणि ८५ किलोच्या दुकानदाराला विकावयाची असते, शिवाय मागे दुसरा माणूस व सामान बसेल हेही धरावे लागते. पुणे जिल्ह्यातील चाकण येथे बजाजच्या कारखान्यात तयार झालेली केटीएम आरसी ३९० ही याचे बोलके उदाहरण आहे. ३७३ घनसेंटिमीटर इंजिनाची ही मोटारसायकल २०१४ मध्ये भारतात विक्रीस आली. तिच्या पुढच्या ४३ मिलिमीटर जाडीच्या फोर्कमध्ये चालकाला काहीच जुळवता येत नव्हते. मागे केवळ स्प्रिंगचा पूर्वभार कमीजास्त करता येई. पुढे ३०० वर्गाची जागतिक स्पर्धा २०१७ पासून सुरू झाल्यावर, त्या स्पर्धेसाठी २०१८ मध्ये केटीएमने 'आरसी ३९० आर' ही ५०० नगांपुरती आवृत्ती काढली, आणि तिला पुढेमागे जुळवता येणारे निलंबन दिले. रस्त्यावर पुरेसे ठरलेले निलंबन शर्यतीला अपुरे आहे, ही गोष्ट निर्मात्यानेच यातून मान्य केली, असे म्हणावयास हरकत नाही.

बाहेरचे भाग बनविणारा हा व्यवसायही फार जुना नाही. स्वीडनमध्ये केंट ओलिन यांनी १९७६ मध्ये आपली कंपनी काढली आणि १९७८ मध्ये रशियाचे गेन्नादी मोइसेयेव्ह यांनी तिच्या अवमंदकांवर २५० वर्गातील मोटोक्रॉसचे जागतिक विजेतेपद मिळविले. त्याच सुमारास, १९७७ मध्ये, हॉलंडमध्ये पांढऱ्या स्प्रिंगांमुळे 'व्हाइट पॉवर' म्हणून ओळखली गेलेली कंपनी निघाली. आरसी ३९० वरील डब्ल्यूपी ती हीच. महाराष्ट्रातही छत्रपती संभाजीनगरजवळील वाळूज येथे दुचाकींचे फोर्क व शॉकअप तयार होतात, तेव्हा हे तंत्र मराठी कामगाराला परके नाही.

तथापि नवे भाग घेण्यापूर्वी आहे ते निलंबन योग्य रीतीने मोजले गेले आहे काय, हे पाहावे. बहुतेक ठिकाणी ते मोजलेलेच नसते. यासाठी एक टेप व दोन मदतनीस पुरतात. प्रथम चाक जमिनीपासून उचलून, मागच्या आसापासून सांगाड्यावरील एका खुणेपर्यंतचे अंतर घ्यावे. नंतर चालकाने संपूर्ण पोशाख व हेल्मेटसह बसावे. मोटारसायकल किंचित दाबून सावकाश वर येऊ द्यावी व अंतर मोजावे. मग किंचित उचलून सावकाश खाली बसू द्यावी व पुन्हा मोजावे. या दोहोंची सरासरी पहिल्या अंतरातून वजा केली की बैठक मिळते. शर्यतीसाठी ती साधारण ३० ते ३५ मिलिमीटर असावी. दोन मापांत फार तफावत पडली तर कोठेतरी घर्षण आहे, बहुधा सील खराब किंवा नळी वाकलेली, असे समजावे. पुढच्या चाकाचेही मोजमाप याच रीतीने होते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. पूर्वभाराची चकती आवळल्याने स्प्रिंग ताठर होत नाही. मोटारसायकल तेवढी उंच बसते. चकती पुष्कळ आवळून चालकाची बैठक बरोबर आली, पण चालक उतरल्यावर मोटारसायकल स्वतःच्या वजनाने मुळीच दबत नसेल, तर स्प्रिंग त्या चालकाला मऊ पडते असा अर्थ होतो. उलट ती रिकामीच फार दबत असेल तर स्प्रिंग कडक आहे. अशा वेळी वजनाला अनुरूप स्प्रिंग बदलणे हा सर्वांत कमी खर्चाचा आणि बहुधा सर्वांत लाभदायक बदल ठरतो. त्याबरोबर फोर्कचे तेल ताजे घालावे. जुने तेल पातळ होते, आणि तापल्यावर अधिकच.

यापुढचा खर्च फेरीच्या वेळावरून ठरवावा. चालकाच्या फेऱ्या एकमेकींपासून दोन-दोन सेकंदांनी हलत असतील, तर भारी शॉकअपने झालेला अर्ध्या सेकंदाचा लाभ त्या गोंधळात दिसणारही नाही. तोच पैसा टायर व सरावाच्या दिवसांवर खर्च झाल्यास बरा. फेऱ्या एकसारख्या पडू लागल्या, आणि वळणातून बाहेर पडताना मागचे चाक थरथरते किंवा ब्रेकखाली फोर्क तळाला लागतो अशी निश्चित तक्रार उरली, म्हणजे चकत्यांचा कार्ट्रिज किंवा जुळवता येणारा मागचा शॉकअप घेण्यात अर्थ आहे. संपूर्ण नवा फोर्क मात्र क्वचितच पैशाला पुरतो. मूळ यंत्रे जशीच्या तशी ठेवण्याची अट असलेल्या वर्गात हे भाग चालतच नाहीत. म्हणून नियमपुस्तक आधी वाचावे. भारतात या स्पर्धा भारतीय मोटार क्रीडा क्लब महासंघाच्या नियमांखाली, मुख्यतः चेन्नईजवळील इरुंगट्टुकोट्टै व कोईमतूरजवळील कारी येथील मार्गांवर होतात. हुलसूरहून तेथे जाण्यायेण्याचा खर्चही हिशेबात धरावा लागतो.

गावच्या रस्त्याची गोष्ट अगदी निराळी आहे. या भागातील काळी जमीन पावसात फुगते, उन्हात भेगाळते आणि तिच्यावरील रस्ता लाटांसारखा होतो. अशा रस्त्यावर शर्यतीची कडक स्प्रिंग चाकाला जमिनीवर टिकू देत नाही. चाक उडते आणि नेमक्या त्याच क्षणी ब्रेक निरुपयोगी होतो. येथे निर्मात्याची मऊ स्प्रिंगच अधिक सुरक्षित आहे. शिवाय नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या तपशिलाहून वेगळा होईल असा फेरफार करण्यास मोटार वाहन अधिनियम १९८८ चे कलम ५२ मनाई करते, आणि सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणे हा कलम १८९ नुसार गुन्हा आहे. शर्यतीसाठी बदललेली मोटारसायकल मार्गापर्यंत टेम्पोत घालून नेण्याची चाल अनुभवी चालकांत आहे, ती यामुळेच.