नवा कॉम्प्युटर घेताय? आधी कामाची यादी, मग ऑपरेटिंग सिस्टीम



परवा एका ताईंचा फोन आला. घरी मसाले करून राजारामपुरीतल्या दुकानांना देतात. म्हणाल्या, "सर, कॉम्प्युटरवाला म्हणतोय, बिनविंडोजचा लॅपटॉप घ्या, स्वस्त पडेल. विंडोज मी टाकून देतो की फुकटात! घेऊ का?"

मी म्हटलं, "ताई, थांबा. त्यावर काय काय करणार ते आधी कागदावर लिहून काढा."

आजचा धडा हाच. ऑपरेटिंग सिस्टीम आपल्या कामावरून ठरते, दुकानदाराच्या सल्ल्यावरून नाही.

१. कामाची यादी करा

टॅलीवर स्वतः हिशोब ठेवणार असाल तर विंडोज घ्या, कारण टॅलीप्राइम विंडोजसाठीच बनलंय. लग्नपत्रिका, बॅनर अशी छपाईची कामं कोरलड्रॉवर करणार असाल तरी लिनक्स चालणार नाही.

पण जीएसटी पोर्टल, उद्यम नोंदणी, व्हॉट्सअ‍ॅप वेब, ईमेल, कॅनव्हा ही सगळी ब्राउझरमधली कामं. ती उबुंटू किंवा लिनक्स मिंटवरही होतात. या दोन्ही सिस्टीम अधिकृतपणे मोफत आहेत. पत्रं आणि हिशोबाच्या शीटसाठी लिबरऑफिसही मोफत मिळतं. मराठी टायपिंग विंडोज आणि लिनक्स दोन्हीकडे होतं.

२. मशीन बघा

जुना लॅपटॉप घेताय? मग नीट ऐका. विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला किमान ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा आणि टीपीएम २.० लागतं. इंटेलचा प्रोसेसर असेल तर साधारण आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा हवा. त्यापेक्षा जुनं मशीन असेल तर लिनक्स मिंट टाका, त्यावर बऱ्यापैकी काम निघतं.

३. 'फुकट' विंडोजचा हिशोब

क्रॅक केलेलं विंडोज म्हणजे चोरीचा माल. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३ ब नुसार, नकली सॉफ्टवेअर माहीत असून वापरलं तर ७ दिवस ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड होऊ शकतो. घरगुती वापराला कोर्ट सवलत देऊ शकतं, पण तुम्ही धंद्यासाठी वापरताय, हे विसरू नका.

दुसरा धोका अपडेटचा. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' व्हायरसनं जगभरातल्या कॉम्प्युटरच्या फाइली कुलूपबंद केल्या आणि सोडवायला पैसे मागितले. त्यावरचा अपडेट मायक्रोसॉफ्टनं दोन महिने आधीच दिला होता. ज्यांनी तो टाकला नाही, ते सापडले. क्रॅकवाले लोक तर अपडेट मुद्दाम बंद ठेवतात. तुमची उधारीची वही अशी एका रात्रीत गेली तर?

म्हणून विंडोजच लागणार असेल तर ते आधीपासून घातलेला लॅपटॉप घ्या आणि बिलावर तसं लिहून घ्या.

४. आधी चालवून बघा

उबुंटू किंवा मिंट पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतं, हार्डडिस्कला हात लावावा लागत नाही. तुमचा प्रिंटर, स्कॅनर, डिजिटल सहीचं टोकन जोडून बघा. इथेच बऱ्याच वेळा गाडी अडते. नवीन प्रिंटर घ्यायचा असेल तर लिनक्सवर चालतो का, हे पैसे देण्याआधी विचारा.

ताईंच्या यादीत काय निघालं? बिलं, व्हॉट्सअ‍ॅप वेब आणि पाकिटावरची लेबलं. टॅलीचं काम त्यांचे अकाउंटंट बघतात. त्यांनी पेनड्राइव्हवर उबुंटू चालवलं, प्रिंटरवर एक लेबल काढून बघितलं आणि बिनविंडोजचाच लॅपटॉप घेतला. पैसे वाचले, तेही सरळ मार्गानं.

आजचा गृहपाठ: कागदावर तीन रकाने आखा: काम, त्यासाठी लागणारं सॉफ्टवेअर, ते कशावर चालतं. तिसऱ्या रकान्यात एकदा जरी 'फक्त विंडोज' आलं, तर विंडोजचे पैसे बजेटमध्ये धरा. आणि सिस्टीम कुठलीही घ्या, दर शनिवारी हिशोबाची एक प्रत वेगळ्या पेनड्राइव्हवर ठेवायची म्हणजे ठेवायची!

भेटू पुढच्या धड्यात.