नवजात अर्भकांची चाळणी-तपासणी : कोणती कसोटी कशासाठी?

जन्मतः निरोगी दिसणाऱ्या अर्भकाच्या शरीरात एखाद्या विकराची किंवा संप्रेरकाची उणीव दडलेली असू शकते. लक्षणे दिसेपर्यंत मेंदूची हानी झालेली असते आणि ती पुढे भरून निघत नाही. टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या काही थेंबांचे मोल यातच आहे.

गाळणकागदावर वाळवलेल्या या थेंबांवर रॉबर्ट गथ्री यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत फेनिलकीटोनुरियाची कसोटी रूढ केली. ‘बॅसिलस सबटिलिस’ या जिवाणूची वाढ रोखणारे द्रव्य अगारमध्ये मिसळून त्यावर रक्ताची टिकली ठेवीत. रक्तात फेनिलॲलनीन अधिक असल्यास तो अटकाव निष्प्रभ होऊन टिकलीभोवती जिवाणूंचे वलय उमटे. कसोटी स्वस्त होती. परंतु प्रत्येक विकारासाठी निराळी कसोटी करावी लागे.

१९९० च्या दशकात आलेल्या टँडेम मास स्पेक्ट्रोमेट्रीने ही अडचण बरीच दूर केली. हे यंत्र एकाच टिकलीतील अनेक ॲमिनो आम्ले व ॲसिलकार्निटीने दोन-तीन मिनिटांत मोजते. त्यावरून तीसहून अधिक विकारांचा संशय घेता येतो. फेनिलॲलनीन व टायरोसिन यांचे गुणोत्तरही कळत असल्याने खोटे होकार घटतात.

तथापि, एवढ्या महागड्या यंत्राच्या नेहमीच्या तपासणीतही जन्मजात थायरॉइड-न्यूनता सापडत नाही. भारतात साधारणतः हजार अर्भकांमागे एकास आढळणारा हा विकार थायरॉक्सिनच्या गोळीने आटोक्यात राहतो. त्याच्यासाठी टीएसएचचे स्वतंत्र मापनच हवे. जी-सिक्स-पीडी न्यूनता व गॅलॅक्टोसेमिया यांसाठी विकराची क्रियाशीलता पाहावी लागते. ही विकरे उष्णतेने निकामी होतात. म्हणून आपल्याकडच्या उन्हाळ्यात नमुना पाठविण्यास विलंब झाला, तर खोटा होकार येऊ शकतो.

नमुना ४८ ते ७२ तासांच्या दरम्यान घेणे उत्तम. त्याआधी टीएसएच स्वाभाविकपणेच वाढलेले असते, तर पुरेसे दूध पोटात न गेल्याने फेनिलॲलनीनची वाढ लपून राहू शकते. रक्त चढवायचे असल्यास नमुना त्यापूर्वीच घ्यावा.

चाळणी म्हणजे निदान नव्हे, हे पालकांना आधीच समजावून सांगावे. होकार आल्यास खात्रीची तपासणी त्वरेने करावी. सर्व कसोट्यांचा खर्च न पेलणाऱ्या कुटुंबानेही निदान टीएसएचची तपासणी टाळू नये. एका गोळीने वाचणारी बुद्धी केवळ दुर्लक्षापायी गमावली जाऊ नये.