रक्तातील कोलेस्टेरॉल आणि रोजचा आहार

कोलेस्टेरॉल शरीरास आवश्यक असून त्याचा बराचसा भाग यकृतातच तयार होतो. रक्तात त्याचे प्रमाण वाढल्यास मात्र हृदयविकाराचा धोका संभवतो. ही वाढ जाणवत नाही. रक्ततपासणीतूनच ती कळते.

सातू, ओट व कडधान्ये यांतील विद्राव्य तंतू आतड्यातील पित्ताम्ले शरीराबाहेर नेतात. नवे पित्त तयार करण्यासाठी यकृत रक्तातील कोलेस्टेरॉल वापरते. परिणामी त्याचे प्रमाण घटते. तूप, लोणी व वनस्पती तूप कमी करून करडई किंवा शेंगदाणा तेल माफक वापरावे. आठवड्यास किमान १५० मिनिटे भरभर चालावे व तंबाखू वर्ज्य करावी.

हृदयविकार किंवा आनुवंशिक दोष असणाऱ्यांना केवळ पथ्य पुरेसे नसते. चालू औषधे त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याविना बंद करू नयेत.